एकशे दोन सोमवार, दोन मंगळवार

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चौथ्या विहिरीत सोडलेल्या टेपला पाणी लागलं ते अकरा मीटर चाळीस सेंटीमीटरवर. तीनच दिवसांपूर्वी, सोमवारी, याच विहिरीचं पाणी साडेसात मीटरवर होतं.

नगर परिषदेच्या नियोजन विभागातल्या नकाशेबाईंना वाटलं, टेप कुठेतरी अडकली. त्यांनी ती पूर्ण गुंडाळून वर घेतली, टोकाचा धातूचा गोळा रुमालाने पुसला आणि पुन्हा सोडली. टोक पाण्याला टेकलं की रिळातला भोंगा वाजतो. साडेसातला तो वाजला नाही. आठला नाही, नऊला नाही, दहालाही नाही. अकरा चाळीसला वाजला. तिसऱ्यांदा सोडली तेव्हाही तिथेच.

खरं तर त्या माप घ्यायला आल्याच नव्हत्या, फोटो काढायला आल्या होत्या. शुक्रवारी अकरा वाजता नगर परिषदेत शहराच्या काठावरच्या वस्तीचा आराखडा मंजुरीला येणार होता. पडद्यावर दाखवायच्या पहिल्या पानावर त्यांना विहिरीत उतरणारी टेप हवी होती. दर सोमवारी माप घेणारे टेपकाका मंगळवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेऊन घरी पडले होते. म्हणून बाईंनी कार्यालयाच्या कपाटातून टेप घेतली, स्कूटरवर पायाशी ठेवली आणि एकट्याच आल्या. फोन कठड्यावर एका विटेला टेकवून ठेवला होता. त्यात आतापर्यंत सात फोटो निघाले होते, आणि सातही फोटोंत बाईंचा चेहरा मेलेला उंदीर दिसल्यासारखा आला होता.

विहीर ज्यांच्या अंगणात होती त्या अंडीवाल्या काकू खुराड्यातून टोपली घेऊन आल्या.

"आज गुरुवारी कशा काय उगवलात? आणि आमचे काका कुठेत?"

"काकांचा डोळा झाला. काकू, कुणी पंप लावलाय का इथे? पाणी चार मीटर खाली गेलंय."

"गुरुवार आहे ना," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? गुरुवारी तिथेच असतं. शनिवारी तर बादली आपटते तळाला. रविवारी फुलांचा बाजार बंद, मग पॉलीहाऊसवाल्यांचे पंप बंद. रात्रीत पाणी चढतं वर. सोमवारी सकाळी बघा, कसं छान भरल्यासारखं वाटतं. आम्ही सगळ्या धुणं सोमवारीच काढतो की. तुम्ही लिहिलं होतं ना तुमच्या पुस्तकात?"

लिहिलं होतं. घरोघरच्या पाहणीचं प्रकरण, पान एकतीस: सोमवारी साऱ्या वस्तीत दोऱ्यांवर कपडे वाळत असतात आणि अंगणाअंगणांतून एक सामुदायिक जीवन दिसतं. ते वाक्य बाईंनी स्वतः लिहिलं होतं, आणि छपाईच्या आधी दोनदा वाचून त्यांना ते आवडलंही होतं.

"तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत, काकू."

"तुम्ही विचारलंत पाणी किती. मी सांगितलं, भरपूर. काका मोजतच होते दर सोमवारी. म्हटलं, सरकारला कळत असेल." काकूंनी टोपली दुसऱ्या हातात घेतली. "का हो, काही बिघडलं का?"

बिघडलं होतं ते असं. शहराची पाण्याची पाइपलाइन शेवटच्या बसथांब्याशी संपते. त्यापुढे टेकडीपर्यंत शेतं, कुंपणं, दहा-बारा पॉलीहाऊस आणि साठेक घरं. तिथे घर बांधायचं तर विहीर ज्याची त्याची आणि सांडपाण्याचा शोषखड्डाही ज्याचा त्याचा. आराखड्यात म्हटलं होतं की या जमिनीवर आणखी तीनशे ऐंशी घरं होऊ शकतात. प्रत्येक घराला किमान अर्धा एकर, बाकीची शेती शेतीच राहील, आणि पाणी पुरेल. हा तीनशे ऐंशीचा आकडा दोन वर्षांच्या पाणीपातळीतून निघाला होता. पाच विहिरी, दर आठवड्याला एक माप. सरासरी साडेसात मीटर.

म्हणजे दोन वर्षं त्यांनी विहिरीला विश्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भेटून तिची तब्येत ठरवली होती. आणि तीनशे ऐंशी घरं रविवारी पंप बंद ठेवणार नव्हती. माणसं रविवारी घरी असतात. गाड्या धुतात, पाहुणे बोलावतात, दोनदा अंघोळ करतात.

बाईंनी उरलेल्या चार विहिरींवर स्कूटर पळवली. दुसरीत पाणी सोमवारपेक्षा तीन मीटर खाली. पाचवीत साडेतीन. पहिलीत आणि तिसरीत दोन-दोन. तिसऱ्या विहिरीवर असतानाच फोन वाजला. थोरली जाऊ.

"अगं, उद्या पास होतंय ना? दादा विचारतायत, आर्किटेक्टला शनिवारची वेळ देऊ का?"

थोरल्या दिरांनी आराखड्याचा मसुदा जाहीर झाल्यावर तिथे अर्धा एकर घेतला होता. बाईंना ते कळलं जेवणाच्या टेबलावर, खरेदीनंतर दोन आठवड्यांनी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विभागप्रमुख साहेबांना तसं लेखी कळवलं होतं. त्यावरून घरात महिनाभर भांडी जरा जोरात वाजत होती.

"ताई, मी कामात आहे. संध्याकाळी बोलते."

"एक हो की नाही सांगायला किती वेळ लागतो गं?"

"मला नाही सांगता येत, ताई." त्यांनी फोन ठेवला. हाताला टेपचा गंज लागला होता. तो त्यांनी साडीला पुसला आणि मग साडीकडे बघून स्वतःलाच एक शिवी दिली.

साडेदहाला त्या साहेबांच्या खोलीत उभ्या होत्या. नियोजन विभागाचे प्रमुख बसा म्हणाले, त्या बसल्या नाहीत. सगळं चार वाक्यांत सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "सोमवारच का?"

"जीप आपल्याला सोमवारीच मिळते."

"ते वेळापत्रक कोणी केलं?"

"वाहन विभागाने सोमवार किंवा बुधवार विचारलं होतं. बुधवारी माझी आढावा बैठक असायची. मी सोमवार घेतला. कागदावर माझी सही आहे."

साहेबांनी आराखड्याची प्रत पुढे ओढली. मग म्हणाले, "आराखडा मागे घ्यायचा म्हणता?"

"मागे घेतला तर काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे."

दोघांनाही माहीत होतं. त्या पट्ट्यात तीन वर्षं बांधकामबंदी होती. तिची मुदत शुक्रवारी मध्यरात्री संपत होती, आणि आणखी मुदतवाढ मिळणार नाही असं कोर्टाने स्पष्ट सांगितलं होतं. त्या आधी नवा आराखडा मंजूर झाला नाही, तर शनिवारपासून जुने नियम लागू होणार. जुन्या नियमांत पाण्याचा शब्दच नाही. एकराला वीस घरं चालतात. एका बिल्डरची बाराशे घरांची फाइल तयार होती, ही गोष्ट कार्यालयातल्या चहावाल्यालाही ठाऊक होती.

"म्हणजे पास केला तर तीनशे ऐंशी घरांना पाणी नाही," साहेब म्हणाले, "आणि पास नाही केला तर बाराशेंना नाही. उत्तम. दोन वर्षं मेहनत करून आपण इथे पोचलो."

"तिसरा रस्ता आहे. आराखडा तसाच ठेवायचा, फक्त एक अट जोडायची. आजच्या पातळीवर पाणी पुरेल तेवढ्या, म्हणजे पहिल्या नव्वद घरांनाच परवानगी. मग वर्षभर रोज माप घ्यायचं आणि पुढचं त्यावरून ठरवायचं."

"अट कडक केली तर पुन्हा तीस दिवसांची जाहीर सूचना लागते."

"प्लॉटचा आकार बदलला तर लागते. इथे आकार तोच राहतोय. टप्पे पाडायला सूचना लागते असं नियमात कुठे लिहिलेलं नाही."

"लागत नाही असंही लिहिलेलं नाही." साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. "आणि पुरावा काय? एका सकाळचं माप म्हणजे अफवा, बाई. समोर बिल्डरचा वकील बसलेला असेल. तो म्हणेल, एकशे चार मापं एका बाजूला आणि फोटो काढायला गेलेल्या बाईंची टेप दुसऱ्या बाजूला."

बाई दारापर्यंत गेल्या.

"बाई, उद्या उभं राहून सांगावं लागेल सोमवार कोणी निवडला ते. मी नाही सांगणार, तुम्हालाच सांगावं लागेल. बघा, झेपतंय का."

टेपकाका घरी खुर्चीत ताठ बसले होते. एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी, कडेने चिकटपट्टी. उरलेल्या डोळ्याने ते बाईंकडे असे बघत होते की जणू वाटीच्या डोळ्याचंही काम तोच करतोय. बायकोने पाणी आणून ठेवलं आणि "जास्त बोलायला लावू नका, डोळ्यावर ताण येतो," असं सांगून ती दारातच थांबली.

"तोंडाने बोलतात, डोळ्याने नाही," काका म्हणाले. "बोला, बाई."

बाई बोलल्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "ताप असताना गेलोय मी. जीप चिखलात रुतली तेव्हा दीड तास चालत गेलोय. माझं एकही माप चुकलेलं नाही."

"नाही, काका. एकही नाही."

"मग?"

"वार चुकला. तो मी ठरवला होता."

बायको दारातून म्हणाली, "म्हणजे यांची दोन वर्षं पाण्यात गेली म्हणा की," आणि स्वतःच्याच बोलण्याने वरमली.

काकांनी हात लांब करून बायकोला कपाट दाखवलं. वह्या त्यांच्याकडेच असत. कार्यालयात आकडे जात, वह्या घरी येत. "निळी काढ. निवडणुकीची सुट्टी होती तो आठवडा. आणि तपकिरी काढ, जीपचं चाक निखळलं तो."

दोन्ही आठवड्यांत काका सोमवारऐवजी मंगळवारी गेले होते. चौथी विहीर: नऊ मीटर वीस. पुन्हा नऊ मीटर पस्तीस. दोन्ही ठिकाणी समासात त्यांच्या बारीक अक्षरात नोंद होती: माप शंकास्पद, टेप तपासावी.

"टेप दुरुस्तीला धाडली होती मी," काका म्हणाले. "पहिल्या वेळी म्हणाले, बरोबर आहे. दुसऱ्या वेळी हट्टाने नवीनच मागवली. तुम्हीच सही केलीत मागणीवर."

बाईंना आठवलं. टेबलावर मापांचा आलेख होता, आणि त्या सरळ रेषेत दोन ठिकाणी रेघ खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती. त्यांनी ते दोन ठिपके वगळले होते. खाली बारीक टीप दिली होती: उपकरणातील दोष. आराखड्यात ते पान छापून आलं होतं. त्यावर कोणी हरकत घेतली नव्हती.

"म्हणजे एकशे दोन सोमवार," काका सावकाश म्हणाले, "आणि दोन मंगळवार. आणि आपण दोघांनी मिळून त्या दोघांनाच खोटं ठरवलं." ते उठले. "चप्पल कुठे आहे माझी?"

"अहो, डॉक्टर काय म्हणाले?" बायको पुढे आली.

"डॉक्टर म्हणाले वाकू नका. वाकायचं बाईंनी, वाचायचं मी. एक डोळा आहे की."

दुपारी दोनला आणि पुन्हा संध्याकाळी सहाला त्यांनी पाचही विहिरी मोजल्या. काका स्कूटरवर मागे बसून टेपचं रीळ पोटाशी धरत, आणि प्रत्येक खड्ड्याला "हळू, नवीन भिंग आहे आत" असं ओरडत. चौथ्या विहिरीवर काकूंनी दोघांना उकडलेली अंडी दिली. वेळ, विहीर, माप, कोणता पंप चालू, हे सगळं बाई लिहीत होत्या, कारण काकांचं अक्षर आज ओळीवर राहत नव्हतं. एका पॉलीहाऊसच्या मुकादमाला त्यांनी विचारलं, पंप रोज किती तास? तो म्हणाला, "परवान्याच्या अर्जात लिहिलेत तेवढे." मग काकांच्या डोळ्यावरची वाटी बघून हसला आणि म्हणाला, "खरे सांगू की अर्जातले?"

घरी पोचायला साडेसात झाले. थोरली जाऊ स्वयंपाकघरात बसलेली होती, पर्स मांडीवर घेऊन, म्हणजे जायच्या तयारीत नव्हे तर भांडायच्या.

"आम्ही राहता फ्लॅट विकायला काढलाय, माहितीय ना तुला?"

"माहितीय, ताई."

"मग मला फक्त एवढं सांग, काही गडबड आहे का?"

बाईंनी पंखा लावला, बंद केला, भांडं उचललं, ठेवलं. सगळ्या प्लॉटधारकांना जे उद्या अकरा वाजता कळणार ते एकीला आज साडेसातला सांगायचं नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. बाकी काहीच पक्कं वाटत नव्हतं.

"मी सांगू शकत नाही."

"म्हणजे आहे." जाऊ उठली. "परक्यांच्या विहिरी मोजायला वेळ आहे. घरचं माणूस तहानेने मेलं तरी चालेल."

"घरचं माणूस तहानेने मरू नये म्हणूनच मोजतेय," बाईंच्या तोंडून निसटलं.

जाऊने पर्स काखेत मारली आणि दारात थांबून थंडपणे म्हणाली, "हे बरं सांगितलंस. आता निदान दादांना सांगते, आर्किटेक्टला थांबवा." सांगायचं नव्हतं ते सांगून झालं होतं. त्यांनी तिथेच फोन उघडला आणि साहेबांना तेही लिहून कळवलं. साहेबांचं उत्तर आलं: "वाचलं." बस, एवढंच.

शुक्रवारी सकाळी सात दहाला चौथ्या विहिरीत पाणी अकरा पंचावन्नला लागलं. अकरा वाजता सभागृहात पंखे सुरू होते, खुर्च्या भरल्या होत्या, आणि तिसऱ्या रांगेत टेपकाका दोन्ही वह्या मांडीवर घेऊन बसले होते. बाईंनी पडद्यावरचं पहिलं पान लावलंच नाही. त्यांनी दोन पानांची टिपणी वाचली. सोमवारची मापं, मंगळवारची दोन, गुरुवारची तीन वेळची, शुक्रवारची सकाळची. मग सुचवलेली अट.

बिल्डरचा वकील उभा राहिला. आवाज मऊ, लोणी लावल्यासारखा. "विभागाच्या अधिकारी स्वतःच म्हणतात की त्यांच्या आराखड्यातली दोन वर्षांची मापं भरवशाची नाहीत. मग माननीय सदस्यांनी त्यावर मत कसं द्यावं? आमचं म्हणणं इतकंच, चुकीचा आराखडा मंजूर करू नये."

मागे कोणीतरी टाळी वाजवली. बहुधा त्यांच्याचपैकी.

"सोमवार कोणी निवडला?" एका सदस्याने विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. "आणि मंगळवारची दोन मापं मीच वगळली. मोजणाऱ्याने शंका लिहून ठेवली होती. मी टेपवर शंका घेतली, पाण्यावर घेतली नाही."

"तुमच्या नात्यातल्या कोणाचा प्लॉट आहे तिथे?"

"थोरल्या दिरांचा. लेखी कळवलेलं आहे. काल रात्री माझ्या तोंडून त्यांच्या घरच्यांना संशय येईल असं एक वाक्य निसटलं, तेही कळवलं आहे."

सदस्याने ते लिहून घेतलं. एक प्लॉटधारक ओरडला, "आमचं काय? नव्वदांत आम्ही येणार की नाही?" अध्यक्षांनी त्याला बसायला सांगितलं.

एक वाजून दहा मिनिटांनी अटीसह आराखड्यावर मतदान झालं. चार बाजूने, चार विरुद्ध. नववं मत अध्यक्षांचं. ते म्हणाले, टप्प्यांची अट जाहीर सूचनेशिवाय घालता येते का याबद्दल विधी अधिकाऱ्यांचं लेखी मत घेतल्याशिवाय मी हात वर करणार नाही. सभा तहकूब झाली, पण संपली असं कोणी म्हटलं नाही.

दुपारभर बाई व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. काकांनी दोनदा बसायला सांगितलं आणि मग नाद सोडला. तीन वाजता विधी अधिकारी आत गेले. साडेचारला चहा आत गेला, पाच कप. पाचला थोरल्या दिरांचा फोन आला. बाईंनी उचलला. पलीकडून फक्त "काय ठरलं?" एवढंच आलं, आणि "अजून नाही" ऐकल्यावर फोन कट झाला. पाच चाळीसला बिल्डरचा माणूस खाली खिडकी क्रमांक दोनच्या रांगेत येऊन उभा राहिला. काखेत जाड फाइल होती. रांगेत तो एकटाच होता. खिडकीतल्या कारकुनाने घड्याळाकडे बघून त्याला सांगितलं, जुन्या नियमाखालचे अर्ज उद्यापासून, तेही नवा आराखडा मंजूर झाला नाही तर. माणूस म्हणाला, "उद्या शनिवार आहे, खिडकी उघडी असते ना?" कारकून म्हणाला, "एक वाजेपर्यंत."

सहा वाजून वीस मिनिटांनी अध्यक्षांच्या खोलीचं दार उघडलं. शिपाई बाहेर आला, बाईंच्या टिपणीची आणखी एक प्रत आणि काकांची निळी वही घेऊन आत गेला, आणि दार पुन्हा लागलं.